घासून काढलेला गंज हत्यारांवर पुन्हा पुन्हा का येतो, आणि त्याचे काय करावे

सुतारकामाच्या हत्यारांवरील गंजाची तक्रार बहुधा एकाच वळणाची असते. पटाशी किंवा रंध्याचे पाते घासून लख्ख केलेले असते, तेलाचा हातही फिरवलेला असतो, आणि तीन आठवड्यांनी खण उघडावा तर त्याच जागी तोच तांबूस डाग पुन्हा उमटलेला दिसतो. मग आणखी खरखरीत कागद घेतला जातो, आणखी जोराने घासले जाते, आणखी तेल ओतले जाते, आणि महिन्याभराने डाग पुन्हा हजर असतो. गंज काढणे हे या सगळ्यात सोपे काम आहे. तो कोठून येतो हे हुडकणे अवघड असते, आणि ते न हुडकता केलेली घासाघीस म्हणजे दर खेपेला पोलादाचा एक पातळ थर फुकट घालवणे होय. म्हणून हातात कागद घेण्यापूर्वी काय पाहावे, यालाच मी येथे अधिक जागा देत आहे.

डाग त्याच जागी का परततो

लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर काय घडते याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो आणि खालच्या धातूला झाकून टाकतो. लोखंडाचा गंज मात्र मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, फुगतो, भेगाळतो आणि सच्छिद्र होऊन हवेतली ओल स्वतःत धरून ठेवतो. त्यामुळे जेथे एकदा गंज बसला तेथे पाणी साठवणारी एक बारीकशी गादीच तयार होते. वरवर घासल्यावर पृष्ठभाग चमकतो, पण सूक्ष्म खड्ड्यांच्या तळाशी थोडा गंज आणि त्याच्यासोबत घामातले किंवा समुद्री हवेतले क्षार शिल्लक राहतात.

हे क्षारच खरे उपद्रवी असतात. स्वच्छ पोलादाच्या बाबतीत हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. क्षार असतील तर तेवढी वाट पाहावी लागत नाही. साध्या मिठाला हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळायला सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते, पण समुद्री क्षारांमध्ये असणारे मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागते. खोली कोरडी वाटत असतानाही एखाद्या ठिपक्याखाली ओल टिकून राहते, ती यामुळेच.

डागाचा आकार आणि जागा

गंज सर्वत्र सारखा दिसत असला तरी तो कोणत्या आकारात आणि कोणत्या जागी आला आहे यावरून त्याचे मूळ बऱ्याचदा सांगता येते. हत्यार पुसण्यापूर्वी ते उजेडात तिरके धरून दोन मिनिटे नीट पाहावे. शक्य असल्यास छायाचित्र काढून ठेवावे, कारण एकदा घासले की हा पुरावा नाहीसा होतो.

माझ्या एका रुंद पटाशीच्या पाठीवर, धारेपासून तीन बोटे वर, दर वेळी एक लंबगोल डाग येत असे. तो घासून काढण्यात मी बराच काळ घालवला. एके दिवशी भिंगाखाली पाहिले तेव्हा त्या डागात बारीक समांतर वळणे दिसली. तो माझ्या अंगठ्याचा ठसा होता. धार लागली की नाही हे पाहण्यासाठी पटाशी जशी धरली जाते, नेमक्या त्याच जागी. तेल मी आधी लावत असे, मग धार तपासत असे आणि मग पटाशी खणात ठेवत असे. म्हणजे तेलाचा थर मीच अंगठ्याने पुसत होतो आणि त्या जागी घामाचे मीठ ठेवत होतो. क्रम उलटा केला, हत्यार ठेवण्याच्या शेवटच्या क्षणी तेलाचे फडके फिरवले आणि नंतर फक्त मूठ धरली, तेव्हा तो डाग थांबला. काही जणांच्या घामात क्षारांचे प्रमाण अधिक असते आणि त्यांनी हाताळलेले पोलाद दुसऱ्या दिवशीच तांबूस होते. अशांनी या सवयीकडे विशेष लक्ष द्यावे.

सुटे, गोल, एकमेकांपासून अंतर राखून असलेले ठिपके बहुधा थेंबांचे असतात. कपाळावरून गळलेला घाम, शिंक, गळणारे छप्पर किंवा दव यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. यांत दवाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. रात्रभर थंड होऊन २५ अंशांवर आलेल्या बीडाच्या जड टेबलावर सकाळी दार उघडताच बाहेरची उबदार, दमट हवा आली, तर थंड पेल्याच्या बाहेर पाणी जमते तसेच त्या टेबलावर पाणी जमेल. पातळ करवत लवकर तापते आणि वाचते. जड टेबल सॉ, शेगडा (काम आवळून धरणारी पकड, म्हणजे व्हाइस), रंध्याचे बीडाचे अंग हे मागे राहतात आणि भिजतात. फक्त जड वस्तूच गंजत असतील आणि हलक्या वस्तू स्वच्छ राहत असतील, तर दवाचाच संशय धरावा.

जेथे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून असतात तेथे आलेला गंज वेगळ्या जातीचा असतो. रंध्याचे पाते आणि त्यावर आवळून बसवलेली धातूची पट्टी, म्हणजे कॅप आयर्न, यांच्या मधली जागा हे याचे उत्तम उदाहरण आहे. पाण्याच्या दगडावर धार लावून, पाते वरून कोरडे पुसून, कॅप आयर्न घट्ट आवळून रंधा जोडला जातो. दगडावरचे पाणी मात्र त्या फटीत केशाकर्षणाने ओढले जाते आणि तेथे दिवसचे दिवस टिकते. महिन्याने पाते उघडल्यावर कॅप आयर्नच्या कडेची एक सरळ, काळपट तांबूस रेघ पात्यावर कोरलेली दिसते. ही रेघ धारेपासून एखाद-दोन मिलिमीटरवरच असल्यामुळे पुढच्या काही धारांनंतर ती धारेपर्यंत पोहोचते आणि धारेला दाते पाडते. पाते आणि कॅप आयर्न वेगळे करून पुसणे, काही वेळ उघडे ठेवणे आणि तेलाचा हात फिरवून मगच जोडणे, एवढाच यावर उपाय आहे.

हत्यार लाकडावर टेकते त्याच बाजूला गंज येत असेल तर लाकडाची झडती घ्यावी. कच्चे, पुरते न वाळलेले लाकूड ओल सोडते हे उघड आहे. ओक आणि चेस्टनट यांसारखी लाकडे वाळल्यानंतरही ॲसिटिक आम्लाची वाफ सोडत राहतात, आणि काही प्लायवुड व एमडीएफ यांच्या गोंदातून निघणारे फॉर्माल्डिहाइडही बंद जागेत फॉर्मिक आम्लाला जन्म देऊ शकते. हौसेने बनवलेल्या सुबक ओकच्या पेटीत ठेवलेली हत्यारे भिंतीवर उघडी टांगलेल्या हत्यारांपेक्षा लवकर गंजतात, याचे आश्चर्य वाटायला नको. चामड्याच्या म्यानाचेही तसेच आहे. कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार चामड्यात शिल्लक असतात आणि ते ओलही धरते. म्यान वाहतुकीसाठी ठीक असते, मुक्कामासाठी नाही. टेबलावर राहिलेल्या भुशाच्या ढिगाखाली उमटणारा नकाशाही याच कुळातला. भुसा ओल शोषतो आणि ती बीडाला चिकटवून ठेवतो.

शेवटी, सगळ्याच हत्यारांवर, उघड्या बाजूंनी, एकसारखा तपकिरी थर अल्पावधीत आला तर हवेत काहीतरी तिखट मिसळले आहे असे समजावे. माझ्याकडून हा प्रमाद घडला आहे. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढण्यासाठी आणलेली हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली, बूच घट्ट लावून, मी कार्यशाळेतच खालच्या फळीवर ठेवली होती. आठवड्याभरात त्या बाजूच्या भिंतीवरील करवती, कानशी आणि गुण्याचे पाते यांच्यावर धुरकट तपकिरी लेप चढला, आणि समोरच्या भिंतीवरची हत्यारे मात्र तुलनेने बरी होती. बूच कितीही घट्ट असले तरी वाफ सुटतेच. हे आम्ल, क्लोरीनयुक्त विरंजक आणि तलावाच्या पाण्यात टाकायची पावडर यांना हत्यारांच्या खोलीत अजिबात जागा देऊ नये. खिडकी उघडी ठेवूनही भागत नाही. बाटली खोलीबाहेरच नेली पाहिजे.

खिळ्यांची चाचणी

लक्षणांवरून उलगडा झाला नाही तर एक बिनखर्चाची चाचणी करावी. जस्ताचा मुलामा नसलेले सात-आठ साधे लोखंडी खिळे घ्यावेत, बारीक पॉलिश पेपरने घासून चमकवावेत, स्पिरिटने पुसावेत आणि नंतर त्यांना बोट लावू नये, चिमट्याने उचलावेत. एक हत्यारांच्या खणात, एक पेटीत, एक भिंतीवरच्या फळीवर, एक जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक टेबल सॉवर, एक खिडकीजवळ आणि एक घरातल्या कोरड्या कपाटात ठेवावा. प्रत्येकाजवळ जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी. पंधरा दिवसांनी सर्व खिळे पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले की कोणती जागा गुन्हेगार आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

खणातला खिळा गंजला आणि फळीवरचा स्वच्छ राहिला, तर दोष खणाच्या लाकडात किंवा अस्तरात आहे. जमिनीलगतचा खिळा सर्वांत वाईट निघाला, तर फरशीतून ओल वर येत असावी. तिची खात्री करण्यासाठी हातभर चौरस प्लॅस्टिक जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवावे आणि खाली पाणी जमते का किंवा काँक्रीट काळवंडते का ते पाहावे. सगळे खिळे सारखे गंजले आणि घरातला मात्र स्वच्छ राहिला, तर खोलीच्या हवेकडे वळावे. सगळे खिळे स्वच्छ राहिले आणि हत्यारे तेवढी गंजत असतील, तर दोष हवेचा नाही. तो हातांचा आहे, किंवा जुन्या गंजाबरोबर राहून गेलेल्या क्षारांचा.

आर्द्रतामापक घेणार असाल तर त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी त्यात घालावे आणि मापकासह घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आठ-दहा तास ठेवावे. मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. जो फरक येईल तो लक्षात ठेवून पुढे वजाबाकी करावी. अर्थात हा मिठाचा प्रयोग हत्यारांच्या टेबलावर करू नये.

गंज काढताना

गंज किती खोल आहे यावर पद्धत ठरते, आणि येथे बहुतेकांची चूक जास्त जोर लावण्याची असते. नुसती तांबूस झाक असेल तर पातळ यंत्रतेलाचे चार थेंब आणि सर्वांत बारीक, म्हणजे ०००० क्रमांकाचे स्टील वूल पुरते. त्याने धातू जवळजवळ झिजत नाही. बोटाला खरखर जाणवत असेल तर ३२० किंवा ४०० क्रमांकाचा पाण्यात चालणारा पेपर, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, तेलाबरोबर वापरावा. ठोकळा न घेता बोटाने घासल्यास कडा गोल होतात, आणि पटाशीच्या पाठीची कड गोल झाली की ती पटाशी खाचेच्या कोपऱ्यात नीट बसत नाही.

ड्रिलला लावलेले तारेचे चाक झटपट काम करते, पण ते धारेवर आणि गुण्याच्या कडेवर नेऊ नये. त्याने कडा मारल्या जातात आणि पातळ पाते तापते. कार्बन पोलादाची बहुतेक पाती २०० अंशांच्या थोडे वर पाणी उतरवलेली, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवलेली, असतात. घासताना धारेवर निळा रंग आला तर तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले आणि तेवढ्या भागाचा कडकपणा गेला असे समजावे. गंज एक वेळ परवडला. हे नुकसान तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय भरून येत नाही.

गंज सर्वत्र आणि जाड असेल, किंवा नक्षी, आटे, कानशीचे दात अशा कागद न पोहोचणाऱ्या जागी असेल, तर भिजवण्याची पद्धत बरी. त्यासाठी मी लिंबूसत्त्व पसंत करतो. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे. त्याआधी हत्यार साबणाच्या पाण्याने किंवा रॉकेलने पुसून तेल काढलेच पाहिजे, कारण तेलाखाली आम्ल पोहोचत नाही आणि हत्यार ठिपक्याठिपक्यांनी स्वच्छ होते. मूठ शक्यतो काढावी. पितळेचे भाग वेगळे करावेत. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू त्यात टाकू नये, मुलामाच निघून जाईल. हत्यार पूर्ण बुडाले पाहिजे. अर्धे बाहेर राहिले तर द्रवाच्या पातळीवर पोलादात कायमची रेघ कोरली जाते. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून ब्रशने घासावे आणि गंज सुटला की थांबावे. दोन-तीन तासांत काम होते, फार तर रात्रभर लागते. विसरून दोन दिवस ठेवले तर आम्ल गंजानंतर चांगले पोलादही खाऊ लागते आणि पृष्ठभाग खरबरीत, राखाडी होतो. ५ टक्के ॲसिटिक आम्लाचे साधे व्हिनेगरही चालते, फक्त वेळ अधिक लागतो. बाहेर काढल्यावर हाताला लागणारी काळी काजळी ब्रशने निघून जाते. तिला घाबरण्याचे कारण नाही.

शेगडा किंवा रंध्याचे अंग यांसारख्या मोठ्या, गुंतागुंतीच्या वस्तूंसाठी विजेची पद्धत उपयोगी आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत दर ४ लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा, १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक हत्याराला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या पत्र्याला जोडावे आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. गंज सुटतो तो मुख्यतः पत्र्याच्या समोरच्या बाजूचा, म्हणून वस्तू मधूनमधून फिरवावी लागते. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठही वापरू नये, कारण त्याने क्लोरीन वायू निघतो. बुडबुड्यांतून हायड्रोजन सुटतो, त्यामुळे हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर करावे आणि हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. धारेच्या कडक पात्यांना मी ही पद्धत वापरत नाही. हायड्रोजन शोषून कडक पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि पात्याइतक्या लहान वस्तूला लिंबूसत्त्व पुरेसे असते.

गंज निघाल्यावर मागे राहणारे खड्डे सगळेच काढायला हवेत असे नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. पटाशीच्या पाठीचा धारेलगतचा साधारण १५ मिलिमीटरचा पट्टा आणि समोरचा उतार, एवढेच कापण्याच्या कामात येते. त्या पट्ट्यातला खड्डा धारेपर्यंत पोहोचला की तेथे धार तुटक होते, म्हणून तेवढा भाग दगडावर सपाट करावा. त्याच्या वरचे खड्डे स्वच्छ करून, तेल भरून तसेच सोडावेत. सगळी पाठ आरशासारखी करण्याच्या नादात पाते पातळ करणाऱ्यांची मला कीव येते.

धुतल्यानंतरचे पहिले पाच मिनिट

आम्लातून काढलेले पोलाद उघडेबोडके असते. ते साध्या पाण्याने धुऊन टेबलावर ठेवले आणि फडके शोधायला गेलात, तर परत येईपर्यंत त्यावर पिवळसर तांबूस साय धरलेली असते. अनेकांचा गंज परत येतो तो येथेच, महिन्याने नव्हे तर पाच मिनिटांत, आणि ते त्याच्यावरच तेल चोपडून मोकळे होतात. म्हणून सर्व साहित्य आधी हाताशी मांडून ठेवावे. आम्लातून काढलेले हत्यार लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावे, म्हणजे खड्ड्यांतले उरलेले आम्ल शमते. मग ते हाताला सोसेल त्याहून गरम पाण्याने, चिमट्यात धरून धुवावे. धातू तापल्यामुळे उरलेले पाणी आपोआप उडून जाते आणि गरम पाण्याबरोबर क्षारही निघतात. लगेच कोरड्या फडक्याने पुसावे, फटींतून गरम हवा फिरवावी आणि हत्यार कोमट असतानाच तेल लावावे.

हेच काम पाणी हटवणारी फवारणीही करते. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली तयार झालेले मिश्रण मुळात पाणी हटवण्यासाठीच होते आणि त्याच्या नावातली इंग्रजी आद्याक्षरे तेच सांगतात. ओल्या पात्यावर ते मारणे योग्य आहे. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर फार पातळ असतो. तेवढ्यावर हत्यार चार महिने पेटीत टाकले तर गंजाबद्दल तक्रार करता येणार नाही.

तेल की मेण

हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. जागा पाहून निवड करावी. जे हत्यार लाकडाला सतत घासते, म्हणजे टेबल सॉचा बीडाचा पाट, रंध्याचा तळ, करवतीचे अंग, त्यांना मेण योग्य, कारण ते कोरडे राहते, लाकूड त्यावर घसरते आणि फळीला तेलाचे डाग पडत नाहीत. लाकूड पाटावर अडखळू लागले, किंवा पाण्याचा थेंब गोल न राहता पसरू लागला, की मेणाचा हात पुन्हा द्यावा. पटाश्या, पाती, ड्रिलची टोके, कानशीखेरीज इतर सुटी हत्यारे यांना तेल सोयीचे. पातळ यंत्रतेल किंवा कॅमेलिया तेल, दोन्ही चालतात. थर डोळ्यांना दिसावा इतका जाड नको. तेलाने ओलसर झालेले जाड कापड झाकणाच्या डब्यात ठेवून त्याचा एक हात फिरवला की पुरे.

तीन तेले मात्र टाळावीत. स्वयंपाकाची बहुतेक तेले हवेने चिकट होतात आणि पात्यावर भुसा धरून ठेवतात. जवसाचे तेल वाळून थर धरते खरे, पण त्यात भिजलेले चिंधे गोळा करून ठेवले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वापरलेच तर चिंधे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून टाकावेत. सिलिकोनची फवारणी गंजापासून संरक्षण देते, परंतु तिचा अंश लाकडावर उतरला की पॉलिश किंवा लॅकर त्या जागी फाटते आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. फर्निचर बिघडल्यावर त्याचे मूळ सहा महिन्यांपूर्वी फवारलेल्या रंध्यात असेल हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

नव्या हत्यारांबाबत एक सूचना. कारखान्यातून येणारा चिकट लेप पुसून टाकणे आवश्यक असते, पण त्याच दिवशी त्याच्या जागी दुसरे काहीतरी लावले पाहिजे. कोरे हत्यार सर्वांत लवकर गंजते ते याच काळात.

खण, पेटी आणि खोलीची हवा

लहान बंद जागा कोरडी ठेवणे सोपे, मोठी खोली कोरडी ठेवणे खर्चाचे. म्हणून मौल्यवान हत्यारे घट्ट बंद होणाऱ्या पेटीत ठेवून तेवढ्या हवेची काळजी घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. सिलिका जेल दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरते आणि १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवल्यावर पुन्हा कामाला तयार होते. झाकण सैल असेल तर मात्र ते दोन दिवसांत भरते आणि नंतर निव्वळ खडे उरतात. कपाटांसाठी मिळणारे, तळाशी पाणी साठवणारे ओल शोषक डबे हत्यारांच्या पेटीत कधीही ठेवू नयेत. त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते, आणि डबा कलंडला तर हत्यारे थेट क्लोराइडच्या पाण्यात न्हातात. गंजरोधक वाफ सोडणारा कागदही मिळतो आणि तो खरोखर उपयोगी आहे, पण तोही बंद जागेतच. उघड्या फळीवर पसरल्यास वाफ उडून जाते.

मोठ्या कपाटात कमी शक्तीची उष्णता देणारी नळी तळाशी बसवता येते. तिने हवेतले पाणी कमी होत नाही, पण सापेक्ष आर्द्रता उतरते. २५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर येते, आणि धातू दवबिंदूच्या वर राहतो. हाच हिशेब पाहून कोणी खोलीत धुराडे नसलेली रॉकेलची शेगडी पेटवली तर उलटे घडते, कारण एक लिटर रॉकेल जळताना साधारण एक लिटर पाण्याची वाफ हवेत सोडते.

खोलीसाठी आर्द्रता कमी करणारे यंत्र बसवायचे असेल तर आधी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखावी. यंत्र नसेल तर दार केव्हा उघडायचे हे तरी ठरवावे. पावसाळी, उबदार सकाळी जड यंत्रे थंड असताना हवा आत घेण्यापेक्षा बाहेरची हवा कोरडी झाल्यावर दार उघडणे आणि पंखा फिरता ठेवणे चांगले. यंत्रांवर प्लॅस्टिक टाकून ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. छप्पर गळत असेल तर ती नाइलाजाने स्वीकारावी. एरवी प्लॅस्टिकखाली अडकलेली ओल बाहेर पडत नाही. पाटावर मेण आणि वर जाड सुती चादर हे अधिक चांगले, आणि चादर घालण्यापूर्वी भुसा झाडलेला असावा.

इतके करूनही एखाद-दुसऱ्या हत्यारावर ठिपका परत येत असेल, तर ते हत्यार वेगळे काढून तेवढ्यापुरते गरम पाण्याचे धुणे दोन-तीन वेळा करावे, कारण तळातले क्षार एका धुण्यात निघतातच असे नाही. बाकीच्यांवर लक्ष ठेवायला माझ्या पेटीत चिठ्ठी बांधलेला एक खिळा कायम असतो. सध्याचा सातव्या महिन्यात आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या टोपीखाली मोहरीएवढा ठिपका दिसला, म्हणून जेलची पिशवी उघडून पाहिली तर निम्मे खडे रंग बदललेले होते. पिशवी तापवून परत ठेवली आहे, आणि झाकणाच्या कडेची रबरी पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती ती चिकटवली आहे.